आधी पाय, मग अंथरूण!

सरकारी मराठीने गेल्या काही दशकांत जे शब्दप्रयोग जन्मास घातले, त्यांत 'सुधारित प्रशासकीय मान्यता' याच्याइतका सोज्ज्वळ आणि त्याच्याइतकाच फसवा शब्दप्रयोग दुसरा नसेल. कचेऱ्यांतून त्याला लाडाने 'सुप्रमा' म्हणतात. नाव असे, की ऐकणाऱ्याला एखाद्या संगीत नाटकाच्या नायिकेची आठवण व्हावी! परंतु या नायिकेचा रंगमंचावर प्रवेश झाला, की धरणाचा, पुलाचा किंवा रस्त्याचा खर्च वाढतो, मुदत लांबते आणि जनतेच्या माथी नवा बोजा बसतो. यात 'सुधारणा' कशाची होते म्हणाल, तर केवळ आकड्याची! पहिली सुप्रमा येते, दुसरी येते, तिसरी येते. मूळ मान्यता नेमक्या कोणत्या कामासाठी दिली होती, हे मात्र तोवर ती देणाऱ्यांच्याही स्मरणात उरत नाही.

विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. १९८३ साली त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी २२ लाख रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. आणि पुढे सुधारित मान्यतांच्या पायऱ्या चढत चढत हा आकडा १८,४९४ कोटींच्या वर गेला! ही सगळीच वाढ उधळपट्टीची होती, असे म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. रुपयाची किंमत घसरते, सिमेंट आणि लोखंड महागते, ज्यांची जमीन पाण्याखाली जाते त्यांना योग्य मोबदला द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. सुप्रमेच्या प्रस्तावात या कारणांचे वेगवेगळे रकाने असतात: दरसूचीतील वाढ, भूसंपादनाचा वाढीव खर्च, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी. त्यांच्याच शेजारी 'व्याप्तीतील बदल' या नावाचा आणखी एक रकाना असतो. आमचा आजचा प्रश्न या एका रकान्याविषयी आहे.

भाववाढ ही बाजाराची करणी; व्याप्तीतील बदल ही माणसांची करणी होय. कोणीतरी काहीतरी मागितलेले असते, कोणीतरी 'होऊन जाईल' असे म्हटलेले असते, आणि त्या 'होऊन जाईल'ची किंमत त्या क्षणी कोणीच काढलेली नसते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. आपल्या सार्वजनिक कामांत हा क्रम नेमका उलटा झाला आहे. आधी पाय पसरावयाचे, मग त्या मापाचे अंथरूण शिवावयास टाकावयाचे, आणि शिंप्याचे बिल करदात्याच्या घरी पाठवावयाचे, असा हा व्यवहार आहे!

एकेकटी मागणी पाहिली तर ती नेहमी लहानच दिसते, हेच या रोगाचे मर्म आहे. पुलाला आणखी एक जिना, रुग्णालयाला आणखी एक मजला, रस्त्याला आणखी एक फाटा! मागणाराही 'एवढेच करा' असे म्हणतो, 'सगळे बदला' असे कधी म्हणत नाही. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण ज्याने रचली त्याने माणसाचा हा स्वभाव पुरता ओळखला होता. परंतु कागदावर एक रेघ वाढली, की तिच्या पाठोपाठ नवी गणिते, नवे नकाशे, नव्या परवानग्या आणि कंत्राटदाराचा नवा दावा येतो. तोवर काम थांबते. कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. ज्या अभियंत्याने प्रारंभीच 'हे आता होणे नाही' असे सांगावे, तो अडेलतट्टू ठरतो. जो मान डोलावतो, तो सहकार्यशील म्हणून गौरवला जातो. मग मान डोलावण्याची कला वाढीस लागली तर नवल ते काय?

मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरचेच उदाहरण घेऊ. वांद्रे-वरळी सागरी सेतूची कोनशिला १९९९ साली बसली. खर्च सुमारे ६६० कोटी रुपये आणि मुदत पाच वर्षे, असा संकल्प होता. प्रत्यक्षात ३० जून २००९ रोजी तो खुला झाला, तोही आठांपैकी चारच मार्गिकांनिशी. उरलेल्या चार २०१० च्या मार्चमध्ये मिळाल्या. खर्च १,६०० कोटींच्या घरात गेला होता आणि त्यात एकट्या व्याजाचा वाढीव भार ७०० कोटींचा होता! या विलंबात न्यायालयीन दाव्यांचा भाग मोठा होता, हे खरे. परंतु काम हाती घेतल्यावर आराखडाही बदलला, हेही तितकेच खरे. मार्गरेषा समुद्रात आणखी आत सरकली. वांद्र्याच्या खाडीवरील पुलाची रचना फिरली. आणि वरळीच्या बाजूसही मच्छीमारांच्या होड्यांना मोकळी वाट राहावी, म्हणून तारांवर तोललेला आणखी एक पूल त्यात आला.

वरळी कोळीवाड्याची ही मागणी अवाजवी होती काय? मुळीच नाही! ज्या पाण्यातून त्यांचे आजे-पणजे होड्या हाकारीत आले, त्या पाण्यात खांब उभे करताना त्यांची वाट मोकळी ठेवणे, हा त्यांच्यावर केलेला उपकार नव्हे. दोष मागण्यात नव्हता, न विचारण्यात होता. नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी कोणी कोळीवाड्यात जाऊन 'तुमची होडी कोठून जाते, भरतीच्या वेळी तिला किती जागा लागते?' एवढे विचारले असते, तर जी गोष्ट पेन्सिलीने दुरुस्त झाली असती, ती पुढे काँक्रीटने दुरुस्त करण्याची पाळी आली नसती.

एकदा ठेच लागली म्हणजे माणूस शहाणा होतो, असे म्हणतात. संस्था मात्र होतातच असे नाही. सागरी सेतूनंतर काही वर्षांनी त्याच वरळीच्या किनाऱ्यावर सागरी किनारा मार्गाचे काम निघाले. पुन्हा तोच कोळीवाडा, पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच खांब! दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवण्याचे आराखड्यात होते. वाऱ्याच्या आणि लाटांच्या दिवसांत होडी सुरक्षित जावयाची तर १६० मीटर हवेत, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. काम अडले, आंदोलने झाली, तज्ज्ञांचे अहवाल झाले. आणि रस्त्याचे बरेचसे काम झाल्यावर २०२३ साली १२० मीटरवर तडजोड होऊन आराखड्यातील एक खांब गाळण्यात आला. ११ मार्च २०२४ रोजी या मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा मुंबईने आनंद केला, आणि तो योग्यच होता. परंतु एकाच गावाने एकाच कारणासाठी दोनदा रस्ता अडवावा आणि दोन्ही वेळा काम सुरू झाल्यावरच त्याचे म्हणणे ऐकले जावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. आपली रीतच तशी आहे.

येथे एक विवेक केला पाहिजे. काम सुरू झाल्यावर येणाऱ्या मागण्या सगळ्या एका जातीच्या नसतात. काही हक्काच्या असतात, काही गरजेच्या असतात, आणि काही निव्वळ भावनेच्या असतात. कोळीवाड्याची मागणी हक्काची होती. हक्काची मागणी उशिरा आली म्हणून ती फेटाळता येत नाही. तिला उशीर का झाला, याचा जाब योजना आखणाऱ्यास विचारावा लागतो.

गरजेच्या मागणीचे उदाहरण म्हणून 'अर्जुन' रणगाड्याकडे पाहावे. १९७४ साली १५ कोटी ५० लाख रुपयांच्या मंजुरीने हा प्रकल्प निघाला. सुमारे दहा वर्षांत रणगाडा सिद्ध होईल, अशी अपेक्षा होती. पुढे लष्कराने आपल्या गरजांचे कलम पुन्हा पुन्हा बदलले. १०५ मिलिमीटरच्या तोफेच्या जागी १२० मिलिमीटरची तोफ आली. ती पुण्याच्या संशोधन संस्थेत घडली, हे आपल्याला भूषणावह आहे. पण तोफ मोठी झाली, चिलखत जाड झाले, आणि रणगाड्याचे वजन ५८ टनांच्या वर गेले. वजनाबरोबर इंजिन, निलंबन आणि वाहून नेणारे रेल्वेचे डबे हे सारेच प्रश्न नव्याने उभे राहिले. १९८७ साली मंजुरीचा आकडा २८० कोटी ८० लाखांवर गेला होता, आणि उत्पादनातील पहिले रणगाडे लष्कराच्या हाती पडावयास २००४ साल उजाडले! शत्रूचे शस्त्र सुधारत असताना आपण जुन्याच मापाचे शस्त्र घडवीत बसावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु प्रत्येक नव्या अपेक्षेबरोबर 'हे आता हवे, की पुढच्या आवृत्तीत चालेल?' हा प्रश्न कठोरपणे विचारावयास हवा होता. सर्वांगपरिपूर्ण रणगाड्याची वाट पाहण्यात ज्या पिढीचे सैनिक निवृत्त झाले, त्यांच्या हाती शेवटी काय लागले?

भावनेच्या मागणीविषयी बोलणे सर्वांत अवघड. तरीही ते बोलले पाहिजे. दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मारक व्हावे, ही जनतेची न्याय्य मागणी होती. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट, म्हणजे चबुतऱ्यासह ४५० फूट करण्यास संमती दिली, आणि खर्च ७६३ कोटींवरून १,०८९ कोटी ९५ लाखांवर गेला. उंची शंभर फुटांनी वाढली, की वाऱ्याचा भार वाढतो. भार वाढला, की सांगाड्याचे आणि पायाचे गणित पुन्हा मांडावे लागते. आणि गणित फिरले, की मुदत फिरते. ज्या महापुरुषाची उंची फुटांत मोजताच येत नाही, त्याच्या स्मारकाची प्रतीक्षा शंभर फुटांसाठी लांबावी, यात त्याच्या अनुयायांचे समाधान अधिक, की निराशा अधिक?

आणि बदलाच्या मागण्यांना कसे सामोरे जावे, याचा या देशातील सर्वोत्तम वस्तुपाठ खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला आहे! राज्यघटनेच्या मसुद्यात प्रारंभी ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती. त्यावर संविधान सभेत सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. राज्ये, संस्थाने, अल्पसंख्य, दलित, स्त्रिया, शेतकरी, भाषांचे अभिमानी अशा सर्वांना काही ना काही हवे होते, आणि प्रत्येकाचे म्हणणे जिव्हाळ्याचे होते. मसुदा समिती भरकटत चालली आहे, असा टोमणा नझिरुद्दीन अहमद यांनी मारला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा, की समितीने घेतलेली वळणे अजाणतेपणाची नव्हती. आपणांस काय शोधावयाचे आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, ३९५ कलमांची घटना देशाने स्वीकारली.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. येथेही व्याप्ती वाढली. ३१५ ची ३९५ कलमे झाली. म्हणजे बदल हा काही स्वभावतःच पापी नव्हे. परंतु प्रत्येक मागणी लेखी आली, मागणाऱ्याच्या नावानिशी आली, भर सभेत आली. तिच्यावर वाद झाला, ती स्वीकारली गेली किंवा फेटाळली गेली, आणि निर्णय नोंदवला गेला. कोणाच्या कानात सांगून एकही कलम वाढले नाही. जे काम एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेला साधले, ते एका उड्डाणपुलाला साधू नये काय?

दगडमातीच्या कामातही ते साधते, याला कोकण रेल्वे साक्षी आहे. १९९० साली महामंडळ स्थापन होऊन ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. गोव्यात मार्गाला तीव्र विरोध झाला. खाजण शेती, जुनी गावे आणि वारशाची स्थळे यांना बाधा येईल, अशी लोकांची भीती होती, आणि मार्ग बदलण्याची मागणी होती. १९९३ साली तेथील काम थांबवण्यात आले आणि न्यायमूर्ती ओझा यांच्या आयोगाकडे प्रश्न सोपवण्यात आला. आयोगाने म्हणणे ऐकले, मूळ मार्ग सामान्यतः कायम ठेवावा असा निर्वाळा दिला, आणि काम पुन्हा सुरू झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. तो निर्णय सर्वांना पटला, असे आम्ही म्हणत नाही. पण निर्णय झाला, एकदाच झाला, आणि तो कोणी घेतला हे सर्वांना ठाऊक होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक कामाच्या जागी कामाचे नाव, खर्च, मुदत आणि कंत्राटदार सांगणारा फलक लावलेला असतो. त्या फलकाखाली आणखी एक फलक लावावा. कोनशिला बसल्यानंतर केलेल्या प्रत्येक बदलासाठी त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: बदल कोणी मागितला, त्याला खर्च किती वाढला, दिवस किती वाढले, आणि तो सामावून घेण्यासाठी दुसरे काय वगळले. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पैसा आणि वेळ ठरलेला असेल, तर एक गोष्ट आत घेताना दुसरी बाहेर काढावीच लागते. दोन्ही ठेवतो म्हणणारा एक तर गणित जाणत नाही, किंवा ते आपणांपासून लपवतो. आपल्या कारभाराची माहिती मागण्याआधीच प्रसिद्ध करावी, अशी आज्ञा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने शासनाला दिलेलीच आहे. नव्या कायद्याची येथे गरज नाही; रंगाचा एक डबा आणि थोडी लाज पुरेशी आहे!

अशा नियमाने शासन बहिरे होईल, अशी शंका कोणी घेतील. आम्हांस उलट वाटते. आज ज्याचा आवाज मोठा, ज्याची गाडी लाल दिव्याच्या दिवसांपासून ओळखीची, त्याची मागणी जिन्यावरून परस्पर वर जाते. कोळ्याला मात्र मोर्चा काढावा लागतो. मागणी कागदावर येण्याचा नियम झाला, तर दोघेही एकाच रांगेत उभे राहतील. ज्याची मागणी न्याय्य आहे, त्याला आपले नाव फलकावर लागण्याची भीती कशाची? भीती वाटेल ती ज्याला उद्घाटनाच्या फितीवर नाव हवे आहे आणि खर्चाच्या ओळीसमोर नको आहे, त्याला!

शासनाला हे सांगताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, ही म्हण मध्यमवर्गानेच जपली आहे. पुनर्विकासाच्या सभेत सर्वांनी नकाशावर सह्या केल्यानंतर 'आमची बाल्कनी तेवढी वाढवा' म्हणणारे सभासद आपणच असतो. पुण्याच्या हिंजवडीत संगणकप्रणाली घडवणाऱ्या तरुण अभियंत्यांना विचारावे. 'फक्त एक बटण' वाढवण्याच्या फर्मानापायी त्यांच्या किती रात्री गेल्या, हे ते सांगतील. त्यांतील जाणते प्रमुख एक रीत पाळतात: गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणत नाहीत, 'होईल' असेही म्हणत नाहीत, 'होईल, पण एवढे दिवस आणि एवढे पैसे लागतील, बोला, करू?' असे विचारतात. निम्म्या मागण्या या एका प्रश्नासरशी विरघळून जातात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात. खाजगी पैशाची एवढी काळजी आपण वाहतो, तर सार्वजनिक पैशासमोर हा प्रश्न विचारताना आपली जीभ का अडखळावी?

मागण्याचा अधिकार सर्वांना आहे, आणि लोकशाहीत तो असलाच पाहिजे. परंतु पुलाची वाट पाहत गाडीत उभा असलेला नोकरदार, कालव्याची वाट पाहत आभाळाकडे पाहणारा शेतकरी आणि स्मारकासमोर हात जोडण्याची वाट पाहणारा वृद्ध यांनाही एक अधिकार आहे: जे कबूल केले, ते कबूल केलेल्या दिवशी मिळण्याचा. मागणाऱ्याचा आवाज आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. वाट पाहणारा मुकाट असतो. त्याच्या वतीने 'बोला, किती दिवस आणि किती पैसे?' हा प्रश्न विचारणे, हे त्याने निवडून दिलेल्या प्रत्येकाचे पहिले काम आहे; आणि ते त्यांनी केले नाही, तर तो प्रश्न मतदानाच्या दिवशी त्यांनाच विचारला जावा!